हौद, टाकं, तळं की टाकी? ‘टँक’ या शब्दाचं पुण्यातलं एक प्रकरण

पुण्यातल्या एका शैक्षणिक संस्थेने शहराच्या पाण्याचा इतिहास सांगणारी छोटी पुस्तिका शाळकरी मुलांसाठी तयार केली. मूळ मजकूर इंग्रजीत लिहिला गेला. मराठी आवृत्तीसाठी तो बाहेर भाषांतराला दिला, तिथून परत आला आणि छपाईआधी तपासायला माझ्याकडे आला. सोबत निरोप होता: भाषा सोपी आहे, फक्त शुद्धलेखन बघा.

मजकुरात एक वाक्य असं होतं: ‘१८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरातील पाण्याची टाकी अस्पृश्यांसाठी खुली केली.’ शुद्धलेखन ठीक, व्याकरण ठीक, सालही बरोबर. पण फुल्यांनी खुला केला तो हौद. गंज पेठेतल्या त्या घटनेचं वजन त्या हौदात आहे. तिथे येऊन, हात घालून, भांडं बुडवून पाणी घेता येत होतं, आणि नेमकी हीच गोष्ट त्या काळी समाजाने नाकारलेली होती. टाकीत कुणी भांडं बुडवत नाही. टाकीला झाकण असतं, खाली नळ असतो आणि ती बहुधा गच्चीवर असते.

पुढच्याच पानावर ‘महाडच्या चवदार टाकीचा सत्याग्रह’ भेटला. मग शुद्धलेखन बाजूला ठेवून मी मूळ इंग्रजी मजकूर मागवला.

इंग्रजीत सगळीकडे एकच शब्द होता: टँक. फुल्यांचा हौद टँक, चवदार तळं टँक, सिंहगडावरचं देवटाकं टँक, पर्वतीच्या पायथ्याचं जुनं तळं टँक, सोसायटीच्या गच्चीवरचं प्लास्टिकचं पिंपही टँक. लिहिणाऱ्याने यात काही चुकीचं केलेलं नव्हतं. इंग्रजीत, विशेषतः भारतातल्या इंग्रजीत, हे सगळं टँकच आहे. डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनातही महाडचं तळं ‘चवदार टँक’च आहे. मुंबईचा गोवालिया टँक, सी. पी. टँक, हैदराबादचा टँक बंड ही सगळी नावं त्याच वापरातून आली. ज्या ठिकाणी ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाली, ते गोवालिया टँक मैदान म्हणजे मूळचं गुरं धुण्याचं तळं.

गोंधळ झाला तो भाषांतराच्या पद्धतीमुळे. भाषांतर करणाऱ्यांकडे आजकाल शब्दांची एक ठरलेली यादी असते, आणि संगणक त्या यादीबाहेर गेलं की लाल रेघ मारतो. नियम असा की एका इंग्रजी शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द. विम्याच्या कागदात, यंत्राच्या माहितीपत्रकात, औषधाच्या वेष्टनावर हा नियम फार मोलाचा आहे. तिथे एकाच भागाला तीन नावं पडली तर माणसाचं नुकसान होतं. भाषांतर करणाऱ्या बाईंनी तो नियम प्रामाणिकपणे पाळला होता. यादीत ‘टँक’समोर ‘टाकी’ लिहिलेलं होतं, म्हणून पुस्तकभर टाकी झाली. इतिहासाच्या मजकुराला हा नियम लावायचाच नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

संस्थेचं पहिलं म्हणणं होतं की मुलांना अर्थ कळतोय ना, मग एवढा कीस कशाला काढायचा. यावर वाद घालत बसण्यापेक्षा एका शाळेतल्या बाईंना विनंती केली, की सहावीच्या वर्गाला हे पान वाचायला द्या आणि वाचून झाल्यावर चित्र काढायला सांगा. चित्रं आली. एका मुलीच्या चित्रात जोतीराव आणि सावित्रीबाई वाड्याच्या दारात उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी लोखंडी स्टँडवर काळी, गोल, रेघारेघांची टाकी. टाकीला पितळी नळ. नळाखाली रांग. मुलीने पगडी, नऊवारी, वाड्याचं दार सगळं नीट काढलं होतं. तिच्या हाती जो शब्द दिला होता, त्यातून जेवढं दिसायचं तेवढं तिला दिसलं. हे चित्र पाहिल्यावर संस्थेने मजकूर पुन्हा करायला होकार दिला.

मग खरं काम सुरू झालं. प्रत्येक ‘टँक’ कुठला, हे ठरवायचं होतं. पाणीपुरवठा खात्यात आयुष्य काढलेले एक निवृत्त अभियंता, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, मदतीला बसले. त्यांनी शब्दकोश बंद करायला सांगितला आणि एकच विचारलं: ‘‘पाणी कशात आहे ते सांगा. खडकात, बांधकामात, जमिनीवर की भांड्यात?’’

एवढ्या एका प्रश्नाने बहुतेक जागा सुटल्या. खडक कोरून केलेलं असेल तर ते टाकं. सिंहगडावरचं देवटाकं, राजगडावरची, शिवनेरीवरची टाकी, सगळी अशीच. सह्याद्रीचा काळा कातळ खोदून पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी धरलेलं. चिरेबंदी बांधून काढलेलं आणि पाणी दुसरीकडून आणून सोडलेलं असेल तर हौद. खोलगट जागी बांध घालून साठवलेलं पाणी असेल तर तळं किंवा तलाव. आणि तयार भांडं, मग ते लोखंडी असो, सिमेंटचं असो, प्लास्टिकचं असो, ती टाकी.

टाकं आणि टाकी यांच्यात मराठीतच एक खाच आहे, आणि भाषांतरात ती फार त्रास देते. टाकं नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन टाकी. गच्चीवरची टाकी स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन टाक्या. म्हणजे ‘गडावर पाण्याची टाकी आहेत’ हे वाक्य अगदी बरोबर आणि ‘गडावर पाण्याची टाकी आहे’ हे वाचलं की कुणीतरी गडावर सिमेंटची टाकी बांधल्याचा भास होतो. दोन्हींत फरक फक्त एका ‘त’चा. मसुद्यात सिंहगडाच्या पानावर ‘आहे’ होतं. ‘टाक्यांमध्ये’ म्हटलं तर दोन्हींचं रूप एकच होतं, तिथे वाचणाऱ्याने संदर्भावरच भागवायचं. अशा जागी आम्ही ‘खडकात कोरलेल्या टाक्यांमध्ये’ असं लांबण लावून लिहिलं. मुलांच्या पुस्तकात चार शब्द जास्त झाले तरी चालतील.

लेण्यांच्या पानावर आणखी जुना शब्द हाती लागला. जुन्नरच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांमध्ये पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. दान देणारा सांगतो की त्याने लेणं आणि पोढी दिली. कान्हेरीच्या लेखांतही हा शब्द आहे. आज तो बोलण्यात नाही, म्हणून मुख्य मजकुरात टाकंच ठेवलं. पण जुन्नर पुणे जिल्ह्यातच आहे आणि मुलं तिथे सहलीला जातात, म्हणून पोढीचा उल्लेख आग्रहाने ठेवला.

हौदांच्या पानावर काका रमले. पेशवाईतलं पुणं वाढलं तसं मुठेचं पाणी पुरेना. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी नळ थेट शहरात आणला गेला. हे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेत पेठापेठांतल्या हौदांमध्ये खेळवलं. मसुद्यात हे ‘भूमिगत पाइपद्वारे टाक्यांमध्ये’ असं उतरलं होतं. काका म्हणाले, ‘‘टाकी लिहिलंत की पोरं विचारणार, पंप कुठे होता? हौद लिहा. हौद जमिनीच्या पातळीला असतो, उताराने पाणी येतं, हे शब्दातच आहे.’’ त्या नळावर हवा खेळती राहावी म्हणून ठरावीक अंतरावर बांधलेल्या उभ्या मनोऱ्यांना पुण्यात ‘उच्छ्वास’ म्हणतात. मसुद्यात त्यांचे ‘हवा-स्तंभ’ झाले होते. इतका देखणा शब्द शहरात असताना तो मुलांपासून लपवायचं काही कारण नव्हतं.

हौद हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. पुण्यात तो पत्त्यांमध्येच जाऊन बसला आहे: काळा हौद, नाना हौद, बाहुलीचा हौद, पंच हौद. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलीच्या आठवणीत बाहुलीचा हौद बांधला. पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. त्या मंडळींमध्ये टिळक आणि रानडेही होते. या नावांमधल्या एकालाही ‘टाकी’ लावून बघा. मसुद्यात ‘पाच टाक्या मिशन’ असं मात्र झालेलं नव्हतं, कारण विशेषनाव म्हणून संगणकाने ते सोडून दिलं होतं. त्यामुळे एकाच पानावर पंच हौद होता आणि फुल्यांची टाकी होती. तिथेच चूक चटकन दिसायला हवी होती.

तळ्यांच्या बाबतीत मात्र एका शब्दाने भागत नव्हतं. पर्वतीच्या पायथ्याला ‘तळ्यातला गणपती’ आहे. तळं गेलं, त्या जागी सारसबाग झाली, तरी गणपती तळ्यातलाच राहिला. तिथे ‘तलाव’ लिहिलं तर पुण्याच्या कानाला खटकतं. कात्रजला मात्र लोक तलावच म्हणतात. डेक्कन जिमखान्यावरच्या पोहण्याच्या जागेला इंग्रजीत टिळक टँक म्हणतात, मराठीत टिळक तलाव, आणि पोहायला जाणारी मुलं सर्रास ‘टँकवर जातो’ म्हणतात. इंग्रजीत पोहण्याच्या तलावाला टँक म्हणायची रीत एके काळी होती. पोहण्याच्या पोशाखाला ‘टँक सूट’ म्हणत आणि त्यावरून बिनबाह्यांच्या बनियनला ‘टँक टॉप’ हे नाव पडलं. पुस्तिकेत टिळक तलाव छापलं.

चवदार तळ्याच्या पानावर मात्र चर्चा करायची गरजच नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं. पुढे या तळ्यावरून खटला चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने तो संपला. अख्खा झगडा हे पाणी सार्वजनिक आहे की खाजगी, यावर होता. टाकीला मालक असतो आणि तिला कुलूप लागतं. तळं गावाचं असतं आणि त्यावर हक्क सांगता येतो. ‘चवदार टाकी’ छापून गेली असती तर मुलांना सत्याग्रह कशासाठी झाला हेच कळलं नसतं, आणि महाडच्या माणसाने ती पुस्तिका मिटून ठेवली असती.

आता पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरची चौकट. तिने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. इंग्रजी मजकुरात ‘शब्दाची गोष्ट’ अशी एक चौकट होती आणि तीत ठाम लिहिलं होतं की टँक हा शब्द मराठी-गुजरातीतून इंग्रजीत गेला. संस्थेला ही चौकट फार आवडली होती. मराठी मुलांना अभिमान वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मराठी शब्द इंग्रजीत गेला तर मलाही आनंदच आहे. पण तो गेलाच, असं मुलांना सांगायचं तर भक्कम आधार पाहिजे.

आधार अर्धा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज व्यापारी सुरतेला वखार घालून बसले. गुजरातेत पावसाचं पाणी साठवायला घराखाली बांधलेल्या जागेला टांकुं म्हणतात. अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या वस्त्यांमध्ये, ती अजून पाहायला मिळतात. मराठीत टाकं आहेच. भारतात आलेल्या इंग्रजांच्या लिखाणात ‘टँक’ दिसायला लागतो तोही त्याच सुमारास, आणि सुरुवातीला तो फक्त हिंदुस्थानातल्या तळ्यांसाठी. हे सगळं जुळतं.

पण पोर्तुगीज भाषेत ‘तांक’ नावाचा शब्द त्याआधीपासून आहे. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीचं जे वृत्त लिहिलं गेलं, त्यात कालिकतच्या एका देवळातल्या दगडी बांधणीच्या मोठ्या तळ्यासाठी हाच शब्द वापरला आहे. (त्या मंडळींनी देवळालाच चर्च समजून नमस्कार केला होता, ती वेगळी गोष्ट.) पोर्तुगीज नुकतेच मलबारच्या किनाऱ्याला लागले होते. तिथली भाषा मल्याळम, तिथे तळ्याला ‘कुळम’ म्हणतात. त्यामुळे हा शब्द त्यांनी तिथे ऐकून उचलला असणं अवघड. तो त्यांनी घरूनच आणला असणार. पोर्तुगीजमध्ये अडवणं, वाहतं थांबवणं या अर्थाचं ‘एस्तांकार’ हे क्रियापद आहे आणि तांक त्याच कुटुंबातला. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जो कोश काढला, त्यात या दोन्ही बाजू मांडल्या आहेत. आजचे कोशही बहुतेक दोन्ही उगम एकत्र देतात. गुजराती-मराठी शब्द आणि पोर्तुगीज शब्द पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांना भेटले, आवाज आणि अर्थ दोन्हींनी जुळले, आणि इंग्रजांच्या कानावर दोन्ही बाजूंनी पडले.

आणखी एक मोह होता. मराठीत पाथरवटाच्या छिन्नीला टाकी म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. संस्कृत टङ्क म्हणजेही छिन्नी, आणि शिक्का मारलेलं नाणंही. टांकसाळ त्यातलीच, टंकलेखनही त्याच घरातलं. मग टाकीने कोरलं ते टाकं, असं लिहून टाकावं, असा संस्थेचा आग्रह होता. ऐकायला ते छान लागतं. पण शब्द एकमेकांसारखे दिसले म्हणून एकातून दुसरा निघाला असं होत नाही. काही कोश टाक्याचा संबंध संस्कृत तडागाशी लावतात, छिन्नीशी नाही. मुलांच्या पुस्तकात छापलेलं वाक्य पन्नास वर्षं टिकतं, म्हणून ही ओळ मी जाऊ दिली नाही. छिन्नीचा उल्लेख चौकटीबाहेर, म्हणीसाठी म्हणून वेगळा ठेवला.

त्याच चौकटीत भाषांतराने एक वाक्य केलं होतं: ‘पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी टाकीचा वापर केला.’ हा अर्थ मात्र खरोखर पाण्याच्या टाकीतून निघालेला आहे. १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये खंदक ओलांडणाऱ्या चिलखती गाड्यांचं काम गुप्तपणे चाललं होतं. लिंकनच्या विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात त्या तयार होत होत्या, आणि त्या काय आहेत हे कामगारांनाही कळू द्यायचं नव्हतं. म्हणून त्या वर्षाच्या अखेरीला त्यांना ‘टँक’ म्हणायचं ठरलं. एवढा मोठा लोखंडी सांगाडा पाहून कुणी विचारलं तर पाणी वाहून नेण्याच्या टाक्या आहेत म्हणून सांगता येत होतं. काहींवर रशियन अक्षरांत ‘पेट्रोग्राडला, जपून’ अशा अर्थाचा मजकूरही रंगवला होता. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत फ्लेर-कुर्सलेटला त्या पहिल्यांदा मैदानात उतरल्या, आणि लपवण्यासाठी घेतलेलं नाव कायमचं चिकटलं. मराठीत यासाठी रणगाडा हा शब्द केव्हाच रुळला आहे. नगरचं रणगाडा संग्रहालय पुण्यातल्या कितीतरी मुलांनी पाहिलेलं आहे. तरीही यादीतल्या एका ओळीने त्याची टाकी केली.

दुसऱ्या खेपेचा मसुदा वर्गात वाचला गेला तेव्हा एका मुलाने विचारलं की आमच्या सोसायटीत येतो तो टँकर कुठून आला. बाईंनी प्रश्न आमच्याकडे धाडला. उत्तर छोटं आहे: इंग्रजीत टँकपासून टँकर झाला, आधी तेल नेणारी जहाजं, मग रस्त्यावरच्या गाड्या. पुण्यात उन्हाळ्यात ज्याची वाट बघितली जाते तो हाच. त्याला मराठी प्रतिशब्द शोधायचा नाही, असं सगळ्यांचं लगेच एकमत झालं. उंच खांबांवरच्या मोठ्या टाकीला महापालिकेच्या कागदांत ‘जलकुंभ’ म्हणतात. काकांना तो शब्द हवा होता, बाईंना नको होता. पुस्तिकेत टाकी राहिली आणि चित्राखालच्या ओळीत जलकुंभ आला.

भाषांतर करणाऱ्या बाईंशी शेवटी सविस्तर बोलणं झालं. त्यांची अडचण खरी होती: यादीत एका शब्दासमोर चार प्रतिशब्द लिहिले तर संगणक त्यातला पहिलाच उचलतो. मार्ग त्यांनीच काढला. इतिहासाच्या कामासाठी वेगळी यादी करायची, तीत ‘टँक’समोर प्रतिशब्द न लिहिता जागा रिकामी ठेवायची आणि शेजारी काकांचा प्रश्न लिहायचा. जागा रिकामी असली की संगणक थांबतो, आणि थांबला की माणसाला बघावं लागतं.

संस्थेची पुढची पुस्तिका विहिरींवर आहे. इंग्रजी मजकूर अजून लिहून व्हायचा आहे, पण ‘वेल’ आणि ‘स्टेपवेल’च्या जागा आम्ही आत्ताच रिकाम्या ठेवल्या आहेत, आणि शेजारी आड, विहीर, पायविहीर, बारव, पुष्करणी हे शब्द फोटोंसकट पाठवून दिले आहेत.